घाबरलेला मासा जेवत नाही

झेब्राफिश हा पट्ट्यापट्ट्यांचा छोटा मासा नव्या टाकीत सोडला की तो आधी सरळ तळ गाठतो. एखाद्या कोपऱ्यात थबकतो. कल्ले तेवढे हलत असतात, बाकी अंग स्थिर. मग एकदम सैरावैरा पळतो, पुन्हा थबकतो. थोड्या वेळानं तळ सोडून मधल्या पाण्यापर्यंत येतो, बिचकून परत खाली जातो, आणि असं करत करत काही मिनिटांनी टाकीच्या वरच्या भागात निवांत फिरायला लागतो. प्रयोगशाळेत हे सगळं कॅमेऱ्यानं टिपतात. चाचणी साधारण सहा मिनिटांची असते. पहिल्यांदा वर यायला किती वेळ लागला, वर एकूण किती वेळ काढला, किती वेळा थिजून उभा राहिला, किती वेळा वेडावाकडा पळाला, हे मोजायचं. या सगळ्याला चिंतासदृश वर्तन म्हणतात. माशाला आतून नेमकं काय वाटतं याचा दावा त्यात कोणी करत नाही. पण बुस्पिरोन हे माणसांना चिंतेसाठी दिलं जाणारं औषध याच माशाच्या पाण्यात मिसळलं, तर तो तळ लवकर सोडतो. आपल्या गोळीचा परिणाम बोटाएवढ्या माशाच्या पोहण्यात दिसतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होते.

मी नागपुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. घरीही एक फिश टँक आहे. सीताबर्डीत ज्या दुकानातून आमच्याकडे मासे येतात, तिथले काका पिशवीला रबर लावता लावता प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगतात : "पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तशीच तरंगू द्या, मंग सोडा. आन आज खायला काही टाकू नका. घाबरून राहिला तो आता, खाणार नाही. दाणे खाली सडतात, पाणी खराब होते मंग." त्यांचं हे ज्ञान अनुभवातून आलेलं आहे आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. नवा मासा पहिल्या दिवशी दाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखादा दाणा तोंडात घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो. ज्या दिवशी तो बाकीच्यांबरोबर वर येऊन दाणे टिपायला लागतो, त्या दिवशी आपण म्हणतो, रुळला.

मला या साध्या गोष्टीच्या मागचं कारण हवं होतं. भीती वाटली की भूक का मरते? आणि उलट बाजूनं, भूक लागली की भीती कमी होते का? वाचत गेले तसं एक चित्र स्पष्ट होत गेलं, आणि ते इतकं सुंदर आहे की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेंदूत खाण्याचा आणि घाबरण्याचा कारभार बऱ्याच अंशी त्याच त्या रेणूंकडे आहे. हे रेणू म्हणजे न्यूरोपेप्टाइड.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. प्रथिनांचंच धाकटं भावंड. चेतापेशी आधी एक लांबलचक साखळी बनवते, मग विकरं तिचे ठरावीक जागी तुकडे करतात, आणि ते तुकडे बारीक पुटिकांमध्ये भरून पेशीच्या टोकाशी पाठवले जातात. ग्लुटामेटसारखा नेहमीचा संदेश एका पेशीकडून शेजारच्या पेशीकडे जातो आणि क्षणार्धात संपतो. पेप्टाइडाचं तसं नाही. पेशी बराच वेळ सलग उत्तेजित राहिली तरच ते बाहेर पडतं, आजूबाजूला पसरतं, दूरच्या पेशींपर्यंत जातं आणि त्याचा असर मिनिटं-तास टिकतो. मोहल्ल्यात नळ उशिरा येणार म्हणून भोंग्यावरून सांगत रिक्षा फिरते ना, तसं. निरोप एकच, पण तो ऐकून कोणी बादल्या भरून ठेवतं, कोणी धुणं पुढे ढकलतं. पेप्टाइडाचा निरोपही असाच असतो : अमुक एक काम कर असं तो सांगत नाही, सध्या परिस्थिती कशी आहे ते सांगतो. प्रत्येक पेशीसमूह त्यावर आपापलं काम ठरवतो. म्हणूनच एकाच रेणूमुळे तोंड उघडणं आणि तळ सोडणं या दोन वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी एकदम हलू शकतात.

यातला माझा सगळ्यात आवडता रेणू न्यूरोपेप्टाइड वाय. एनपीवाय. १९८२ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत काझुहिको तातेमोतो आणि व्हिक्टर मुट यांनी तो डुकराच्या मेंदूतून वेगळा केला. ३६ अमिनो आम्लांची साखळी. माणूस, उंदीर, गोल्डफिश, झेब्राफिश, सगळ्यांच्या मेंदूत हा आहे आणि त्याच्या रचनेत फार थोडा फरक पडलेला आहे. आपले आणि या माशांचे पूर्वज वेगळे होऊन चाळीस कोटींहून जास्त वर्षं झाली. इतक्या काळात आपले कल्ले गेले, परांचे हात झाले, आणि हा रेणू जवळजवळ होता तसाच राहिला. निसर्ग एखादी गोष्ट इतकी जपून ठेवतो तेव्हा तिच्यावर बरंच काही अवलंबून असतं.

गोल्डफिशच्या मेंदूत एनपीवाय टोचलं तर तो जास्त खातो. त्याला काही दिवस उपाशी ठेवलं तर त्याचा मेंदू स्वतःच एनपीवाय बनवण्याचं काम वाढवतो आणि खायला मिळाल्यावर काही तासांतच ते परत खाली येतं. इथपर्यंत हे भुकेचं रसायन वाटतं. पण झेब्राफिशमध्ये एनपीवायचं जनुक निकामी केलं तेव्हा काय झालं? २०२० मध्ये जपानी संशोधकांनी हे करून पाहिलं. ते मासे जगले, वाढले, पण त्यांच्यात चिंतासदृश वर्तन वाढलेलं दिसलं. म्हणजे भूक लावणारा रेणू काढून घेतला आणि मासा घाबरट झाला. माणसांतही याचा धागा सापडतो. अमेरिकी सैनिकांच्या अतिशय खडतर प्रशिक्षणात २००० च्या सुमारास रक्ताचे नमुने घेतले गेले. ज्यांच्या रक्तात एनपीवाय जास्त वाढलं होतं ते त्या ताणात जास्त भानावर राहिले होते.

आता दुसऱ्या बाजूचा रेणू. सीआरएच, म्हणजे कॉर्टिकोट्रॉपिन रिलीजिंग हॉर्मोन. १९८१ मध्ये वायली व्हेल यांच्या गटानं मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागातून, तो शोधला, ४१ अमिनो आम्लांचा. संकट आलं की हायपोथॅलॅमस सीआरएच सोडतो, त्यामुळे पीयूषिका ग्रंथी जागी होते, तिच्या संदेशानं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बनतं. आपल्यात कॉर्टिसॉल अधिवृक्क ग्रंथीत बनतं. माशाला तशी वेगळी ग्रंथी नसते, त्या पेशी त्याच्या वृक्काच्या डोक्याकडच्या भागात विखुरलेल्या असतात. पण शेवटी तयार होणारा रेणू तोच, कॉर्टिसॉल. उंदरात तो वेगळा असतो, कॉर्टिकोस्टेरॉन. या एका बाबतीत झेब्राफिश आपल्याला उंदरापेक्षा जवळचा आहे. एवढ्याशा माशाच्या अंगातून रक्त मोजण्याइतकं निघत नाही, म्हणून त्याचं कॉर्टिसॉल मोजायला बहुतेक वेळा अख्खा मासा वाटून घ्यावा लागतो. या ज्ञानाची किंमत कोण मोजतं, हे वाचणाऱ्याला माहीत असायला हवं.

सीआरएच गोल्डफिशच्या मेंदूत टोचलं, तर तो खाणं कमी करतो आणि त्याची अस्वस्थ हालचाल वाढते. अगदी एनपीवायच्या उलट. आणि गंमत बघा, सीआरएच सापडलं त्याच सुमारास कॅनडात एका माशाच्या शेपटीजवळ, मणक्यातल्या मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकाला असलेल्या छोट्याशा गाठीतून, सीआरएचचाच एक सख्खा नातलग वेगळा केला गेला : युरोटेन्सिन-१. माशाच्या शेपटीतला हा रेणू इतका मोलाचा ठरला, की १९९५ मध्ये सस्तन प्राण्यांच्या मेंदूत त्याचा जोडीदार सापडला तेव्हा त्याचं नाव युरोकॉर्टिन ठेवलं गेलं. तोही भूक जबरदस्त कमी करतो. आपल्या काळजीचे काही शब्द आधी माशाच्या शेपटीत वाचले गेले, हे मला फार भावतं.

नागपूरचं या गोष्टीत स्वतःचं स्थान आहे आणि ते नागपूरकरांनाच कमी माहीत आहे. आपल्या विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं मांगूर माशाच्या मेंदूतल्या पेप्टाइडांवर काम केलं. भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात घमेल्यात जिवंत वळवळत असतो तोच मांगूर. त्याच्या मेंदूचे पातळ काप करायचे, त्यावर प्रतिपिंडांच्या मदतीनं एखाद्या पेप्टाइडाच्या पेशी रंगवायच्या आणि ते कुठे कुठे आहे याचा नकाशा काढायचा. त्यात एनपीवाय होतं, तसंच कार्ट नावाचं पेप्टाइडही होतं. कार्ट भूक कमी करतं, गोल्डफिशमध्येही आणि उंदरातही; आणि उंदरात ते चिंतेसारखं वर्तन वाढवतं. पुन्हा तीच जोडी. ज्या शहरात मी रोज शिकवायला जाते, त्याच शहरात एका माशाच्या डोक्यातला हा बारीक नकाशा काढला गेला, हे मी मुलांना दरवर्षी आवर्जून सांगते. त्यांना वाटतं विज्ञान म्हणजे कुठेतरी दुसरीकडे घडणारी गोष्ट.

मांगूरचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. सुरुवातीला सांगितलेली तळ सोडण्याची चाचणी मांगूरला जशीच्या तशी लावता येणार नाही. हा मासा हवेतून श्वास घेऊ शकतो, त्याच्या कल्ल्यांवर त्यासाठी झाडाच्या फांद्यांसारखा खास अवयव असतो, आणि तो मधून मधून पृष्ठभागावर येऊन हवा घेतोच. त्याचं वर येणं म्हणजे निर्भय होणं नव्हे. झेब्राफिशच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवूनच बघावं लागतं. आमच्या घरी मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीसच्या पुढे पारा असताना, कूलर लावूनही टाकीचं पाणी कोमट होतं. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. मग सगळे मासे पृष्ठभागाला तोंड लावून असतात. नवखा माणूस म्हणेल, किती मजेत वर आलेत! ते मजेत नसतात, त्यांचा जीव गुदमरत असतो. पंप वाढवला, बर्फाची बंद पिशवी पाण्यात सोडली की ते आपापल्या जागी जातात. वर्तन मोजणं सोपं आहे, त्याचा अर्थ लावताना मात्र त्या प्राण्याचं सगळं आयुष्य माहीत असावं लागतं.

आता माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते : भूक लागली की भीती कमी होते का? याचं इतकं नेमकं उत्तर कोणी शोधलं असेल असं मला वाटलं नव्हतं. जर्मनीत म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीडला, मॅक्स प्लांक संस्थेत, हेरविग बायर यांच्या प्रयोगशाळेनं २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. झेब्राफिशची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही दिवस जवळजवळ पारदर्शक असतात. त्यांच्या मेंदूतल्या पेशी उद्दीपित झाल्या की चमकतील अशी जनुकीय सोय करता येते आणि मग जिवंत पिल्लाचा मेंदू विचार करताना सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः बघता येतो. या पिल्लांसमोर एक हलणारा ठिपका दाखवायचा. बारीक ठिपका म्हणजे बहुधा खाद्य, त्याच्याकडे पिल्लू जातं. मोठा ठिपका म्हणजे बहुधा शिकारी, त्यापासून पळतं. अडचण असते ती मधल्या आकाराची. तिथे खाद्य की संकट हे ठरवावं लागतं. पोट भरलेली पिल्लं अशा ठिपक्याला टाळण्याकडे झुकली. उपाशी पिल्लं त्याच्याकडे जाण्याकडे झुकली. यात दोन गोष्टी होत्या असं दिसलं : हायपोथॅलॅमसपासून कॉर्टिसॉलपर्यंतची तीच ताणाची साखळी, आणि सेरोटोनिन हा मेंदूतला संदेशवाहक रेणू.

पण मला थक्क केलं ते पुढच्या भागानं. भूक लागल्यावर फक्त निर्णय बदलला नव्हता. दृष्टीचं काम करणाऱ्या मेंदूच्या भागात भक्ष्याला प्रतिसाद देणाऱ्या जादा पेशी कामाला लागल्या होत्या. म्हणजे उपाशी पिल्लाला तो ठिपका दिसतच वेगळा होता. धीर वाढला आणि मग ते पुढे गेलं, असं नाही. जगच थोडं कमी धोक्याचं आणि थोडं जास्त खाण्याजोगं झालं. हे वाचल्यावर मी "घाबरू नकोस, त्यात घाबरण्यासारखं काय आहे" हे वाक्य वर्गात वापरणं बंद केलं. ज्याला घाबरण्यासारखं दिसतंय त्याला ते खरोखर तसं दिसतंय.

माझी भाची आर्वीहून आमच्याकडे राहायला आली आहे, नीटच्या तयारीसाठी. शहरात अशी हजारो मुलं आहेत. रविवारी सकाळी टेस्ट असते. माझी आई तिच्यासाठी पहाटे उठून पोहे करते, वरून तर्री, शेव, कांदा, सगळं. मुलगी ताटलीसमोर बसते. शेंगदाणे एका बाजूला करते, पोह्यांवर तर्री मुरून त्यांचा लगदा व्हायला लागतो, कांद्याचे तुकडे चमच्यानं ताटलीच्या कडेला लावत राहते. "काहून खाऊन नाही राहिली वं बाई? दोन घास तरी खा," आई म्हणते. "आजी, मळमळते." आईला वाटतं आपल्या हातचं आवडलं नाही. ती खट्टू होते. मग भाचीला अपराधी वाटतं, आणि त्या अपराधी वाटण्यानं उरलीसुरली भूकही जाते.

यात ना आईच्या पोह्यांचा दोष, ना पोरीच्या नखऱ्यांचा. सीआरएच आणि युरोकॉर्टिन यांचं काम मेंदूपुरतं थांबत नाही. सस्तन प्राण्यांत ते जठरातलं अन्न पुढे सरकण्याची गती कमी करतात आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढवतात. परीक्षेच्या सकाळी घास घशाखाली उतरत नाही आणि शौचालयाच्या फेऱ्या मात्र वाढतात, हे दोन्ही एकाच संदेशाचे परिणाम आहेत. मी हे भाचीला कागदावर आकृती काढून समजावलं. तिला जीवशास्त्र हा विषय आवडतो, त्यामुळे तिनं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग मावशी, माझं सीआरएच टेस्ट संपल्यावर किती वेळानं उतरतं?" या प्रश्नाचा मला फार आनंद झाला. आपल्या घाबरण्याकडे ती पहिल्यांदाच लाज म्हणून न बघता एक मोजता येणारी गोष्ट म्हणून बघत होती. मी आईशीही बोलले. आता रविवारी सकाळी तिच्यासमोर पोहे येत नाहीत; ताक येतं, केळ येतं, आणि पोहे ती दुपारी परत आल्यावर दोन वेळा मागून खाते.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटत नाही. बाजूच्या फ्लॅटमधली तिची मैत्रीण सोबत बसली की ती सकाळीही थोडं खाते. आणि इथेही मासे काही सांगतात. कार्ल फॉन फ्रिश यांना आपण मधमाश्यांच्या नाचासाठी ओळखतो. त्यांनीच १९३८ मध्ये पाहिलं होतं, की एका लहान नदीमाशाच्या कातडीला इजा झाली की पाण्यात असं काहीतरी मिसळतं ज्यामुळे त्याचा सगळा थवा भेदरतो. झेब्राफिशमध्येही हा भयगंध आहे. पोर्तुगालमध्ये रुई ऑलिव्हेरा यांच्या गटानं दाखवलं की भयगंध पाण्यात असतानाही झेब्राफिशला आपल्या जातीचा शांत थवा नुसता दिसत राहिला, तरी त्याची भीती कमी होते. पुढे २०२३ मध्ये त्याच गटानं उलट बाजू तपासली. भेदरलेल्या माशाला बघून दुसरा मासाही थिजतो, हे कशामुळे? ऑक्सिटोसिनमुळे. ज्या माशांमध्ये ऑक्सिटोसिनची यंत्रणा जनुकीय बदलानं बंद केली होती, ते दुसऱ्याची भीती उचलत नव्हते. त्यांना ऑक्सिटोसिन टोचल्यावर ते पुन्हा उचलायला लागले. माशातल्या या रेणूची साखळी आपल्या ऑक्सिटोसिनसारखीच नऊ अमिनो आम्लांची, फक्त दोन जागी वेगळी. आई-बाळाच्या मायेचा रेणू म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो, तोच दुसऱ्याची धडकी आपल्या छातीत आणून ठेवतो. मला यात विरोधाभास वाटत नाही. दुसऱ्याचं कळणं म्हणजे त्याचं भेदरणंही कळणं.

वर्गातली एक मुलगी रडायला लागली की ओळीच्या ओळी डोळे पुसतात, हे मी प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी दरवर्षी बघते. त्या वेळी मी आता प्रवचन देत नाही. एखाद्या शांत मुलीला तिच्याजवळ बसवते.

या सगळ्यावरून कोणी झटपट निष्कर्ष काढू नये, असंही मला मनापासून वाटतं. प्रत्येक पेप्टाइड या भूक-भीतीच्या जोडीत बसत नाही. ओरेक्सिन घ्या. ते गोल्डफिशची भूक वाढवतं, पण त्याला शांत न करता जागं आणि चळवळं करतं. किसपेप्टिन हे वयात येण्याशी जोडलेलं पेप्टाइड. पण मलेशियात झालेल्या कामात दिसलं की झेब्राफिशच्या हॅबेन्यूला या मेंदूच्या छोट्या भागात ते भयगंधाची भीती कमी करतं. भुकेशी त्याचा तिथे थेट संबंध नाही. आणि माशात किंवा उंदरात जे साधलं ते माणसात साधेलच असं तर मुळीच नाही. सीआरएचचा दरवाजा बंद करणारी औषधं मोठ्या आशेनं बनवली गेली, प्राण्यांवर चालली, आणि चिंता व नैराश्याच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत त्यांनी निराशा केली. चिंतेचा आजार असलेल्या माणसानं डॉक्टरकडेच जावं. माशाच्या मेंदूवरचं संशोधन त्याला गोळी देत नाही. पण "तुझ्या मनाचा खेळ आहे सगळा" हे वाक्य ऐकून ऐकून थकलेल्या माणसाला ते एक वेगळी गोष्ट देतं : हा खेळ चाळीस कोटी वर्षांपासून चालू आहे आणि तो तुझ्या एकट्याच्या मनातला नाही.

माझ्या मनात सगळ्यात जास्त घर करून बसलेला प्रयोग मात्र स्वीडनमधला आहे. माणसांनी घेतलेली चिंतेची औषधं पूर्णपणे अंगात जिरत नाहीत. लघवीतून सांडपाण्यात जातात आणि शुद्धीकरण केंद्रातून बरीचशी तशीच नदीत उतरतात. उमेओ विद्यापीठाच्या तोमास ब्रोदिन आणि सहकाऱ्यांनी उप्सालाजवळच्या फ्युरिस नदीत ऑक्साझेपाम हे चिंतेवरचं औषध मोजलं आणि सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात सापडतं तशाच अल्प प्रमाणात ते पर्च माशांच्या पाण्यात घातलं. २०१३ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते असं : मासे जास्त हिंडायला लागले, थव्यापासून दूर राहायला लागले आणि भराभर खायला लागले. भीती उतरली, भूक चढली. प्रयोगशाळेत बघितलेली तीच जोडी, पण या वेळी इंजेक्शन कोणी दिलं नव्हतं. आणि नदीतल्या माशांना तर तेच औषध एका शहराच्या घराघरांतून नकळत दिलं जात होतं. आणि नदीत धीट मासा म्हणजे सुखी मासा नव्हे. मोठ्या माशाच्या तोंडी आधी तोच जातो.

आपल्या शहराला जिचं नाव आहे ती नाग नदी लावा गावाजवळच्या टेकड्यांकडून निघते, सगळ्या वस्त्यांचं सांडपाणी पोटात घेते आणि पुढे कन्हानला जाऊन मिळते. तिच्या पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो आणि वास हीच तिची अडचण आहे असं धरून चालतो. न दिसणाऱ्या, वास नसणाऱ्या गोष्टींचाही हिशेब व्हायला हवा, आणि तो करू शकतील अशी माणसं याच शहरात आहेत : विद्यापीठात माशांच्या मेंदूचा अभ्यास झालेला आहे, तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था नीरी इथेच आहे. मांगूर हा चिखलपाण्यातही तग धरणारा मासा. नदी शेवटी कोणाला टिकू देते हे पाहायचं तर त्याच्याकडेच बघावं लागेल. या तिन्ही संस्थांतली माणसं एका टेबलाशी बसावीत अशी माझी खरीखुरी इच्छा आहे.

तोपर्यंत आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या टाकीत झेब्रा डॅनिओ, म्हणजे तेच झेब्राफिश, आहेत. दुकानात सगळ्यात स्वस्त मिळतात ते पट्ट्यापट्ट्यांचे. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची नोंद करताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये ज्याचं पहिलं वर्णन केलं तोच हा मासा. अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९८१ मध्ये त्याला जनुकशास्त्रात आणला, तिथून तो जगभरच्या प्रयोगशाळांत गेला, आणि आमच्या वर्गापर्यंत तो सीताबर्डीच्या काकांकडून प्लास्टिकच्या पिशवीत आला. आम्ही त्याला टोचत नाही, काही पाजत नाही. नुसतं बघतो. टाकीच्या काचेवर मार्करनं अर्ध्यावर एक रेघ मारली आहे. मासा नव्या टाकीत सोडला की मुलं मोबाइलवर चित्रीकरण करतात आणि नंतर रेघेच्या वर किती सेकंद, खाली किती सेकंद ते मोजतात. काचेवर टिचकी मारायची नाही, जोरात बोलायचं नाही, सावली पडू द्यायची नाही. हे तीन नियम मुलांनीच ठरवले. पहिल्यांदा नुसत्या एका सावलीनं सगळे मासे तळाशी गेलेले त्यांनी पाहिले होते.

परवा मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, सकाळचं खाणं न दिलेला मासा आधी वर येईन का?" वर्गात लगेच दोन तट पडले. एक म्हणे भूक त्याला वर ओढेल, दाणे वरच तर पडतात. दुसरं म्हणे नव्या टाकीत भीतीच जिंकेल, भूक नंतर. तिसऱ्या एका मुलीनं शंका काढली की ज्याला वर दाणे मिळायची सवय आहे तो सवयीनं वर येईल, त्याला धीट म्हणता येणार नाही. म्हणून महिनाभर आधी काही माशांना बुडणारे दाणे द्यावेत. ही शंका इतकी नेमकी होती की मी ती फळ्यावर लिहून ठेवली. ठरलं असं, की हे जानेवारीत करायचं, पाणी कोमट नसताना. खाणं फक्त सकाळचं लांबवायचं, बघून झालं की लगेच द्यायचं. बुडणारे दाणे काकांकडे मिळतात का ते मी विचारून येणार आहे, आणि दोन्ही टाक्यांत एकसारखं तापमान आहे ना हे बघायला थर्मामीटर मी घरून नेणार आहे.